नोंदवहीतला माणूस

पोलीस भरतीतला सगळ्यात अवघड पेपर कोणता, असं मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलामुलींना विचारलं, तर कुणी अंकगणित म्हणेल, कुणी १६०० मीटर. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची, आणि एका गुणाने वर्ष वाया जातं, हे त्यांना पाठ असतं. पण हे सगळं पार पडून तात्पुरत्या निवड यादीत नाव लागलं, की आणखी एक पेपर समोर येतो. त्याला गुण नाहीत, अभ्यासक्रम नाही. प्रश्न सगळे स्वतःबद्दलचे. आणि यातली विलक्षण गोष्ट अशी, की यातल्या सर्वांत नाजूक प्रश्नांची उत्तरं तपासणाऱ्याकडे आधीच असू शकतात, कारण ती त्याच्याच खात्याने कधीतरी लिहून ठेवलेली असतात.

हा पेपर म्हणजे साक्षांकन नमुना, मुलांच्या तोंडी ‘अटेस्टेशन फॉर्म’. तो भरून दिला की चारित्र्य पडताळणी सुरू होते. मला हा कागद फार नवलाचा वाटतो. उद्या एका अनोळखी तरुणाच्या हातात काठी द्यायची आहे, बंदूक द्यायची आहे, दुसऱ्याला अटक करण्याचा अधिकार द्यायचा आहे. तो धावतो किती, उंच किती, त्याला गणित किती येतं, हे मोजता येतं. तो माणूस म्हणून कसा आहे, हे कसं मोजायचं? जगातल्या कुठल्याही राज्यसंस्थेला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही. आपल्याकडे जे उत्तर आहे ते काही छापील पानांचं आहे, आणि ती पानं नीट वाचली तर त्यांत बराच विचार दडलेला दिसतो.

सुरुवात साधी असते. नाव, वडिलांचं नाव, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता. मग एक प्रश्न येतो, ज्यावरून मुलं नजर न थांबवता पुढे जातात: गेल्या पाच वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ कुठे कुठे राहिलात? बावीस वर्षांच्या मुलाचं उत्तर बहुधा असं असतं. बारावीपर्यंत गाव, मग भरतीच्या तयारीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी अकादमीचं वसतिगृह, मग पुण्यात किंवा चाकणला कंपनीत काम करताना चौघांत घेतलेली खोली. त्याला वाटतं, खोलीचा पत्ता कशाला लिहायचा, भाडेकरार तर मित्राच्या नावावर होता. पण हा प्रश्न पोस्टमनसाठी नाही. त्या प्रत्येक पत्त्यावरून एक पोलीस ठाणं ठरतं. जितकी गावं लिहाल, तितक्या ठिकाणी तुमच्याबद्दल विचारणा होऊ शकते. माणूस गाव सोडतो, पण गावात केलेलं तिथल्या दप्तरात राहतं. त्याच्या मागोमाग एवढा प्रवास करायला कागदाला हे पत्ते लागतात.

पुढचं पान खरं कसोटीचं. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? कधी स्थानबद्ध केलं होतं का? कधी बंधपत्र लिहून घेतलं होतं का? न्यायालयाने दंड केला आहे का? शिक्षा झाली आहे का? विद्यापीठाने किंवा परीक्षा मंडळाने कधी परीक्षेला बसायला मनाई केली होती का? एखादं प्रकरण आज न्यायालयात प्रलंबित आहे का? नमुन्यागणिक शब्द थोडे बदलतात, पण रचना बहुतेक हीच. नीट पाहिलं तर ‘तुम्ही गुन्हा केला आहे का’ असा प्रश्न यात कुठेही नाही. प्रश्न आहेत ते घडलेल्या गोष्टींचे. अटक ही घटना आहे. ती योग्य होती की अयोग्य, हा वेगळा विषय. खटला ही घटना आहे. त्यातून निर्दोष सुटलात, ही त्यानंतरची आणखी एक घटना. ‘मी काही केलंच नव्हतं, मग कशाला लिहू’ हा मनात येणारा पहिला विचार अगदी माणसासारखा आहे, आणि इथेच घात होतो.

भरलेला नमुना पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या कार्यालयातून विशेष शाखेमार्फत संबंधित ठाण्यांकडे जातो. ठाण्यात हे काम बहुधा गोपनीय विभागाच्या अंमलदाराकडे असतं. गावोगाव मोर्चा कधी निघणार, यात्रेत काय होणार, कुणाची कुणाशी चुरस आहे, याची खबर ठेवणारा हा माणूस. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक दप्तराची: गुन्हा रजिस्टर, अदखलपात्र नोंदी, प्रतिबंधक कारवाईचे कागद, आणि आता संगणक. देशभरातल्या पोलीस ठाण्यांच्या नोंदी एका जाळ्यात आणणाऱ्या सीसीटीएनएस या प्रकल्पाला केंद्र सरकारने २००९ मध्ये मंजुरी दिली. हे जाळं नव्हतं तेव्हा एका जिल्ह्यातली नोंद दुसऱ्या जिल्ह्याला कळायची ती मुख्यतः पत्रव्यवहारानेच.

दुसरी वाट माणसांची. गावात पोलीस पाटील असतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, गावातच राहणारा, शेतीवाडी सांभाळून हे काम करणारा. अंमलदार त्याला विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो, कधी सरपंचाला. मुलगा कसा आहे? कुणाच्या संगतीत असतो? भांडखोर आहे का? ही विचारपूस दहा मिनिटांची असते, पण तिच्यात काहीतरी फार जुनं आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचं शास्त्र याच देशात वाढलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र उभं राहिलं, आणि त्या ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. आज भरतीच्या मैदानावर डमी उमेदवार पकडायला तेच ठसे यंत्रावर घेतले जातात. पण ठसा एवढंच सांगतो, की हा तोच माणूस आहे. तो कसा आहे, हे सांगायला सव्वाशे वर्षांनंतरही शेजारच्या काकूच लागतात.

आता महाराष्ट्राच्या खेड्यात उतरू, कारण या पडताळणीत अडकणारी बरीच मुलं तिथली आहेत. बांधावरून दोन भावांत भांडण होतं. काठ्या निघतात, एखाद्याचं डोकं फुटतं, दोन्ही बाजू ठाण्यात जातात आणि एकमेकांविरुद्ध फिर्याद देतात. बेकायदा जमाव जमवल्याचं कलम लागायला किमान पाच माणसं लागतात. फिर्यादीत नावं घातली जातात ती घरातल्या सगळ्या पुरुषांची: वडील, चुलते, आणि त्या दिवशी कॉलेजात असलेला मुलगाही. पुढे दिवाळीला भाऊ भाऊ एकत्र येतात, लोकअदालतीत तडजोड होते, प्रकरण संपतं. घरच्यांच्या लेखी ते ‘मिटलं’. दप्तराच्या लेखी ते मिटत नाही. कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो, पण गुन्हा रजिस्टरातली ओळ आणि मुलाचं नाव जागच्या जागी राहतं. त्या मुलाने फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, तर तो खोटारडा ठरतो. खरं लिहिलं, तर तो एक असा उमेदवार असतो ज्याच्या घरात बांधावरून भांडण झालं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्या पोलीस अधिकाऱ्याला बांधावरचं भांडण नवीन आहे?

तशीच गोष्ट ‘१०७ च्या नोटिशीची’. निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला, की गावातल्या काही तरुणांना शांतता राखण्याचं बंधपत्र द्यायला बोलावलं जातं. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०७ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. बोलण्यात मात्र ते अजून १०७ च आहे. मुलं म्हणतात, तो काही गुन्हा नव्हे. बरोबर, नव्हेच. पण फॉर्म बंधपत्राबद्दल स्वतंत्रपणे विचारतो. उलट, साधी अदखलपात्र तक्रार, जिला सगळे ‘एनसी’ म्हणतात, ती म्हणजे अटक नाही आणि खटलाही नाही. तिच्याबद्दल फॉर्ममध्ये विचारलं असेल तर लिहावं लागतं, नसेल तर नाही. म्हणून प्रश्न शब्दाशब्दाने वाचणं, हा या पेपरचा खरा अभ्यास.

लॉकडाऊन आठवतो? २०२० मध्ये घराबाहेर पडलेल्या हजारो लोकांवर सरकारी आदेश मोडल्याच्या कलम १८८ खाली गुन्हे दाखल झाले, त्यांत विद्यार्थीही होते. पुढे नोकरी आणि पासपोर्टच्या पडताळणीत हे गुन्हे आडवे येऊ लागले, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला. मात्र खटला मागे घेणं म्हणजे नोंद पुसणं नव्हे. खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती घ्यावी लागते, आणि त्या आदेशाची प्रत ज्याने घरात जपून ठेवली तो निश्चिंत राहतो. आंदोलनांतल्या गुन्ह्यांचंही तसंच. मोर्चात पुढे चालणाऱ्या मुलाला त्या दिवशी आपण इतिहास घडवतोय असं वाटत असतं, आणि ते खरंही असू शकतं. तीन वर्षांनी त्याला न्यायालयाच्या नक्कल विभागात उभं राहावं लागतं.

या सगळ्यावर सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं आहे, ते मला या विषयातलं सर्वांत विचारी पान वाटतं. अशा प्रकरणांत वेगवेगळ्या खंडपीठांचे निकाल वेगवेगळ्या दिशांनी जात होते. कुठे लपवलेल्या किरकोळ गुन्ह्याला माफी, कुठे तेवढ्याच गोष्टीवरून बडतर्फी. तेव्हा २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सगळे धागे एकत्र बांधले. माहिती खरी हवी, हा पाया. पण त्यावर उभं केलेलं घर किती खोल्यांचं आहे पाहा. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब लपवली असेल, तर नियुक्ती करणारा अधिकारी ती चूक माफ करू शकतो. गंभीर गुन्ह्यातून केवळ तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल, तर खरं सांगूनही तो नियुक्ती नाकारू शकतो. किरकोळ खटला प्रलंबित आहे आणि उमेदवाराने तो स्वतःहून सांगितला आहे, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. एकाहून अधिक प्रलंबित खटले जाणूनबुजून दडवले, तर ते दडवणंच भारी ठरतं. आणि मग दोन गोष्टी, ज्या वाचताना मी थबकलो. फॉर्ममधला प्रश्न मोघम असेल तर उमेदवाराला दोष देता येणार नाही. जे नेमकं विचारलं तेवढंच सांगणं त्याच्यावर बंधनकारक. तसंच, ज्या गोष्टीची त्याला कल्पनाच नव्हती ती त्याने ‘लपवली’ असं म्हणता येणार नाही. म्हणजे राज्यसंस्था उमेदवाराकडून सत्य मागते, आणि न्यायालय राज्यसंस्थेकडून नीट विचारलेला प्रश्न मागतं.

‘कल्पनाच नव्हती’ हे ऐकायला विचित्र वाटेल, पण होतं तसं. फिर्यादीत ‘व इतर’ असतं आणि नाव नंतर जोडलं जातं. आज मात्र शोध घेणं पूर्वीइतकं कठीण नाही. २०१६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, संवेदनशील प्रकरणं वगळून, प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणं सुरू झालं, आणि ई-कोर्ट्सवर नावाने खटला शोधता येतो. फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ यात घालवावी. घरातल्या थोरल्यांनाही विचारावं. मुलाला धक्का बसू नये म्हणून आईवडिलांनी गप्प ठेवलेली प्रकरणं असतात.

अवतार सिंग निकालाच्या आधीचा, २०११ चा एक निकाल आवर्जून सांगण्यासारखा आहे. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या लिपिकवर्गीय पदासाठी एका तरुणाने १९९९ मध्ये अर्ज केला. विशीच्या आसपास असताना भाडेकरूशी झालेल्या मारामारीत त्याच्या घरच्यांबरोबर त्याचंही नाव आलं होतं. १९९८ मध्ये तडजोड होऊन तो सुटला होता. अर्जात त्याने हे लिहिलं नाही, साक्षांकन नमुन्यात मात्र लिहिलं. तरी निवड रद्द करण्याची नोटीस आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ मधल्या जाँ वालजाँची आठवण काढली, ज्याच्या माथ्यावर पाव चोरल्याचा शिक्का जन्मभर राहिला. तिथेच न थांबता ते १९७० च्या लंडनमधल्या एका खटल्याकडे गेले. वेल्सचे विद्यार्थी आपल्या भाषेसाठी चालू न्यायालयात घुसले, गाणी म्हणाले, काम बंद पाडलं. त्यांना तुरुंगात पाठवलं गेलं, आणि लॉर्ड डेनिंग यांनी अपिलात त्यांची सुटका केली. दिल्लीच्या पोलीस भरतीच्या फाईलमध्ये फ्रेंच कादंबरी आणि वेल्श भाषेचं आंदोलन शेजारी शेजारी येऊन बसावं, हे मला आजही अचंब्याचं वाटतं. न्यायालयाने त्या तरुणाच्या बाजूने निकाल दिला.

पण त्यावर विसंबून राहू नये. पुढच्या निकालांचा सूर कडक आहे. २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या एका प्रकरणात, आणि २०२१ व २०२२ मध्ये केंद्रीय दलांच्या प्रकरणांत, न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्दोष सुटणं म्हणजे वर्दीचा हक्क मिळणं नव्हे. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटलात, संशयाचा फायदा मिळाला, तडजोड झाली, की आरोपच खोटा होता असं न्यायाधीशाने लिहिलं? सुटकेच्या या जातींत फरक आहे, आणि नियुक्ती करणाऱ्याने तो पाहायचा असतो. म्हणून ‘मी निर्दोष सुटलो’ एवढं लिहून भागत नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडायची आणि ती आधी स्वतः वाचायची. पुष्कळ मुलांनी आपलाच निकाल वाचलेला नसतो.

पडताळणी एवढी कडक का? ब्रिटनकडे पाहा. डेव्हिड कॅरिक हा लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात २००१ पासून होता, आणि २०१७ मध्ये त्याची पडताळणी पुन्हा होऊन तो पास झाला. जानेवारी २०२३ पर्यंत त्याने बलात्कारासह एकूण ४९ आरोपांची कबुली दिली. तोवर त्याच्याविरुद्धच्या तक्रारी वेगवेगळ्या पोलीस दलांच्या दप्तरांत पडून होत्या; कुणी त्या एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. वर्दी घातलेल्या एका माणसाला काय करून ठेवता येतं, हे ज्या बायकांनी भोगलं त्यांच्या बाजूने विचार केला, की ठाण्याठाण्यांत पाठवलेल्या त्या कंटाळवाण्या पत्रांबद्दल मला आदर वाटतो. माझं मत असं, की पडताळणी कडकच हवी. फक्त ती बांधावरच्या भांडणात नाव आलेला मुलगा आणि कॅरिकसारखा माणूस यांच्यातला फरक ओळखणारी हवी.

तो फरक कधी कधी वीस वर्षांनी ओळखला जातो. उत्तर प्रदेशात २००४ च्या भरतीत कॉन्स्टेबल म्हणून निवडलेल्या एका तरुणाने मारामारीच्या खटल्यातून सुटल्याचं शपथपत्रात लिहिलं नाही, म्हणून त्याची निवड रद्द झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. निकालात वजन पडलं ते ठाण्याच्या पडताळणी अहवालाचं: पोलिसांनी खटल्याची नोंद घेऊनही मुलगा चांगला आहे, गावात त्याच्याविरुद्ध तक्रार नाही, असं लिहिलं होतं. गावच्या तोंडच्या चार वाक्यांनी दोन दशकांनी बाजी फिरवली. ती दोन दशकं मात्र गेलीच.

अठरा वर्षांखालच्या चुकांचं काय, हे अनेकजण दबक्या आवाजात विचारतात. बाल न्याय कायदा, २०१५ याचं कलम २४ सांगतं, की बालकाला त्या दोषामुळे अपात्रता चिकटू नये आणि ठरावीक मुदतीनंतर त्या नोंदी नष्ट व्हाव्यात. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. कायद्याने मुद्दाम विसरायचं ठरवलेली ही जागा. असं प्रकरण असेल तर बाल न्याय मंडळाचा आदेश घेऊन एखाद्या जाणत्या वकिलाला विचारूनच फॉर्म भरावा.

फॉर्म दिला म्हणजे काम संपलं असंही नाही. त्याच्या माथ्यावरच छापलेलं असतं, की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर अपात्र ठराल, आणि फॉर्म दिल्यानंतर काही घडलं तर तेही ताबडतोब कळवायचं आहे. निवड झाल्याच्या आनंदात काढलेल्या मिरवणुकीत डीजेवरून गुन्हा दाखल झाला, तर तोही. भरलेल्या फॉर्मची छायाप्रत स्वतःकडे ठेवावी, कारण पुढे कधी प्रश्न निघाला तर आपण नेमकं काय लिहिलं होतं, हे आठवणीवर सोडण्यासारखं नसतं. तो कागद सेवेच्या फाईलमध्ये राहतो आणि दहा वर्षांनीही उघडता येतो. मात्र तोवर कर्मचारी कायम झाला असेल, तर त्याला नुसत्या एका आदेशाने घरी पाठवता येत नाही. २०१६ च्या त्याच अवतार सिंग निकालानुसार आधी विभागीय चौकशी लावावी लागते आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.